गुरुवारची सुट्टी

खराडीत, सातव्या मजल्यावर, रात्री दोन वाजता
एक सर्व्हिस उठते.
तिला खिडकी नाही, बटण नाही, चेहरा नाही.
दिवसभराची चलनं गोळा करायची,
बेरजा ताडून पाहायच्या,
चाकणच्या गोदामाला धाडायच्या,
आणि कुणी विचारलंच तर सांगायचं: चालू आहे.

गुरुवारीही ती हेच सांगते.
हिरवा ठिपका. मेमरी जागच्या जागी.
फक्त काम करत नाही.
चाकणला ट्रक उभे राहतात,
आणि सकाळी सहाला पेडणेकरांचा फोन येतो,
‘काय हो, तुमची बाई आज पण रुसली का?’

पहिल्या गुरुवारी मी ती बंद करून चालू केली.
मिक्सरपासून नवऱ्यापर्यंत
आपल्याकडे सगळ्याला हाच उपाय.
ती लगेच उठली, हिरवी झाली,
आणि बसून राहिली.
शुक्रवारी आपोआप सगळं सुरळीत.
शुक्रवारी सगळे म्हणाले, बघ, झालं ना.

मग तांबोळीने डिस्क पाहिली.
नेटवर्कवाल्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं,
आम्ही डेटाबेसवाल्यांकडे,
त्यांनी सुट्टी टाकली.
तिसऱ्या गुरुवारी रॅकच्या दाराला
कुणीतरी लिंबू-मिरची बांधली.
थट्टेनंच,
पण काढायला कुणी पुढे होईना.

लॉग मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला.
बुधवारची शेवटची ओळ: काम पूर्ण.
तिच्याखाली थेट शुक्रवार: काम सुरू.
मधल्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही.
चूक असती तर तिला धरून ओढता आलं असतं.
कोऱ्या जागेला कुठे धरायचं?

पाचव्या गुरुवारी चहा तसाच ठेवून
मी मुळातच उतरले.
नऊ हजार ओळी, अठरा वर्षांच्या,
आणि सहाशे बाराव्या ओळीवर,
इतकी साधी अट की मी दोनदा ओलांडून गेले होते:
वार गुरुवार असेल, तर काही करू नकोस.
शेजारी टीप:
‘भोसरीत आज लाईट नसते. उगाच उठू नये. द. रा. र.’

भोसरी! ऑफिस तिथून हलूनही आठ वर्षं झाली.
पण कारखाना गुरुवारी बंदच असायचा,
म्हणून तिची सुट्टी कुणाच्या लक्षात आली नाही.
गोदाम सातही दिवस उघडं ठेवायचं ठरलं गेल्या महिन्यात.
ते सगळ्यांना कळवलं होतं,
ईमेलने.

द. रा. रणपिसे आता दिघीला असतात.
‘अजून तीच चालवता?’ म्हणाले, आणि खोकत हसले.
‘अहो, यूपीएस वीस मिनिटांचा.
अर्ध्यात वीज गेली की चलनं दुप्पट व्हायची.
तीन गुरुवार मी एकेक करून हाताने पुसली.
चौथ्याला म्हटलं, झोपू दे बिचारीला.’
जरा थांबून विचारलं,
‘बाकी कधी त्रास दिला नाही ना?’
लेक दिलेल्या घरी विचारतात तसं.
मी म्हटलं, नाही. एकदाही नाही.

अट काढली.
टीप राहू दिली.
तांबोळी म्हणाला, टीप कशाला?
मी म्हटलं, असू दे.

पुढच्या बुधवारी धनकवडीला, घरी,
अंथरुणात फोन धरून दोन वाजायची वाट पाहिली.
दोन वाजून चार सेकंदांनी लॉगमध्ये
आयुष्यातला पहिला गुरुवार उमटला:
काम सुरू.
आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा.

मोरीत पाण्याचा आवाज येत होता.
उद्या पाणी बंद, म्हणून आई पिंप भरत होती.
सोसायटीला मोठी टाकी झाली त्याला सहा वर्षं झाली.
गुरुवारी आता नळ कधीच कोरडा नसतो.
हे तिला सांगायला म्हणून उठले,
आणि दुसरी बादली नळाखाली सरकवली.